चूल बघत दक्षिणेकडे : बॉस्टन ते सेंट ऑगस्टीन

आत्या चिपळूणहून तीन महिन्यांसाठी आली आणि चौथ्याच दिवशी म्हणाली, "तुमच्या घरात सगळं आहे, विस्तव तेवढा नाही." खरंच होतं ते. बॉस्टनजवळच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये स्वयंपाक काचेखाली लाल होणाऱ्या तारेवर, आणि ऊब भिंतीकडेच्या पाइपांतून. आत्याने लग्नानंतरची वीस वर्षं लाकडाच्या चुलीपुढे काढलेली. ऑक्टोबर संपत आला होता, माझी रजा साठलेली होती आणि इथल्या वसाहतकाळातली घरं ओळीने बघायचं बरीच वर्षं मनात होतं. बायकोला सुट्टी मिळाली नाही. मग मी आणि आत्या असे दोघंच गाडी काढून समुद्रकाठ धरून खाली निघालो.

दिवस पहिला : डेडम

घरापासून अर्ध्या तासावर. इतकी वर्षं इथे राहून कधी गेलो नव्हतो, जवळचं तीर्थ शेवटी.

फेअरबँक्स हाउस बाहेरून बघितलं तर आता बसेल की मग, असं वाटतं. आढं म्हाताऱ्या म्हशीच्या पाठीसारखं मधे खचलेलं, फळ्या उन्हापावसाने काळवंडलेल्या. लाकडातल्या वर्षवलयांवरून काढलेला काळ १६३७ ते १६४१, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज लहान असतानाचा. लाकडी सांगाड्याचं याहून जुनं घर उत्तर अमेरिकेत उभं नाही. यॉर्कशरहून आलेल्या जोनाथन फेअरबँक्सने ते बांधलं आणि आठ पिढ्या त्याच्याच वंशातली माणसं तिथे राहिली.

दार उघडून आत गेलं की समोर खोली येत नाही, धुराड्याची पाठ येते. घराच्या बरोबर पोटात विटांचं भलंमोठं धुराडं, त्याच्या एका अंगाला एक खोली, दुसऱ्या अंगाला दुसरी, आणि दोन्ही खोल्यांतल्या चुली त्या एकाच धुराड्यात. घर बांधून त्यात चूल घातली असं वाटतच नाही. आधी चूल मांडून तिच्याभोवती घर गुंडाळलंय. आत्या वाकून चुलीच्या तोंडात शिरली, वर बघितलं आणि म्हणाली, "अरे, हिच्यात बैल उभा राहील." मी तिच्यामागे जाताना तुळईवर डोकं आपटून घेतलं. माहिती सांगणाऱ्या बाई न हसता म्हणाल्या, रोज एक तरी आपटतो.

धुराडं मधोमध का, याचं उत्तर इथल्या जानेवारीत आहे. बॉस्टन साधारण ४२ अंशांवर, रोमच्या ओळीत. लंडन त्याच्या कितीतरी उत्तरेला, साडेएकावन्नवर. त्या काळी हवामान अक्षांशावर ठरतं असा समज, त्यामुळे इंग्रज माणूस इथे आला तो सौम्य हिवाळ्याच्या हिशेबाने. इथे जमिनीवरून येणारा ध्रुवाकडचा वारा, आणि ते शतकही नेहमीपेक्षा थंड. बाहेरच्या भिंतीत धुराडं घातलं तर निम्मी ऊब अंगण तापवण्यात जाणार. मधे घातलं तर विटांचा तो ढीग रात्री विस्तव झाकल्यावरही दोन्ही खोल्यांना शेकत राहतो.

तरी लाकूड किती लागायचं! इथे सरपण 'कॉर्ड'मध्ये मोजतात, म्हणजे आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच अशी रास. एका घराला वर्षाला अशा तीसेक राशी, कधी चाळीसही लागत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आत्याने मनातल्या मनात हिशेब केला असावा, कारण बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, "आणि राख कुठे टाकत?" या प्रश्नावर बाई खुलल्या. राखेच्या पाण्यापासून साबण करत, हे दोघी एकमेकींना हातवारे करून सांगत राहिल्या. माझी दुभाष्याची गरज संपली होती.

घराच्या मागे उतरतं छप्पर आणखी खाली ओढून काढलेली जागा दिसते. न्यू इंग्लंडमध्ये मागचं छप्पर असं जवळजवळ जमिनीला टेकवलेल्या घरांना मिठाच्या लाकडी पेटीवरून 'सॉल्टबॉक्स' म्हणतात. आपण पडवी म्हणतो तीच ही. परतताना क्विन्सीला जॉन ॲडम्स या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाचं जन्मघर रस्त्यावरून बघितलं, तेही याच जातीचं. शक्यतो उंच बाजू आणि खिडक्या दक्षिणेला, पडवीची उतरण उत्तरेच्या वाऱ्याला.

दिवस दुसरा : प्लिमथ

इंग्लंडहून जहाजाने येऊन इथे वसलेल्या लोकांचं १६२०च्या दशकातलं गाव जसंच्या तसं उभारलंय. गवताने शाकारलेली घरं, मातीची जमीन, डोळे चुरचुरवणारा धूर. एका घरात त्या काळच्या वेषातली बाई भांड्यात काहीतरी ढवळत होती. ही मंडळी त्या काळातलीच असल्यासारखी बोलतात. आत्या भारतातून आली म्हटल्यावर तिने डोळे मोठे केले : "ईस्ट इंडीज? मग मिरी किती आणलीत?" आत्याच्या पर्समध्ये खरोखरच मिरपुडीची डबी होती. काढून दाखवली.

या गावात इंग्लंडचं घर अमेरिकेच्या हवेत कसं विरघळत गेलं ते कळतं. तिकडच्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीत काठ्या विणून त्यावर लिंपलेली माती. आपला कूडच. इथे हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठून फुगतं, ऋतूंगणिक लाकूड फुगतं-आकसतं, मधे फट पडते आणि वाऱ्याबरोबरचा पाऊस उरलेली माती धुऊन नेतो. पण रान अफाट होतं. ओकच्या ओंडक्याचे रेषेतून चिरलेले पातळ फाळके एकावर एक चढवून ठोकले की पाणी बाहेरून निथळतं. आज अमेरिकेत प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी मढवलेली घरं दिसतात ना, ती या फाळक्यांचीच नक्कल.

शाकारणीचं तसंच. जानेवारी १६२१ मध्ये त्यांच्या सामाईक घराच्या गवताने पेट घेतला. आलेल्या १०२ माणसांतली निम्मी त्या पहिल्याच हिवाळ्यात गेली होती किंवा जायच्या वाटेवर होती, त्यात हे. १६२७ मध्ये प्लिमथने नव्या घरांना गवत घालायला बंदी केली. बॉस्टनने १६३१ मध्ये लाकडी धुराड्यांनाही केली. हो, लाकडी! काठ्या रचून आतून माती लिंपलेली धुराडी. "म्हणजे चुलीवर चूलच पेटवायची," आत्याचं मत.

मला मात्र जास्त वेळ थांबावंसं वाटलं ते नदीकाठच्या वाम्पनोआग वस्तीवर. इथली माणसं मूळ रहिवाशांपैकीच, आणि ती सोंग घेऊन बोलत नाहीत, आजची माणसं म्हणून बोलतात. त्यांचं घर म्हणजे 'वेतू'. कोवळी खोडं जमिनीत रोवून कमानीसारखी वाकवायची, हिवाळ्यात वर झाडाच्या सालीचे तक्ते, उन्हाळ्यात पाणकणसाच्या विणलेल्या चटया. मधोमध जाळ, वर धुराला भोक, वाऱ्याप्रमाणे सरकवायला झडप. आत शिरल्यावर जी ऊब लागली ती इंग्रजी घरात कुठेच लागली नव्हती. शिवाय ही माणसं थंडी आली की समुद्रकाठ सोडून आतल्या दाट रानात मुक्काम हलवत, पेरणीला परत किनाऱ्यावर. इंग्रज आले ते १६१६ ते १६१९च्या साथीने रिकाम्या झालेल्या पटक्सेट गावाच्या जागी, आणि भर हिवाळ्यात किनाऱ्यावरच बसले. हवेप्रमाणे घर बदलायचं सोडून घरच जाड करत गेले.

दिवस तिसरा : ऱ्होड आयलंड

सबंध दिवसाचा कार्यक्रम एका भिंतीसाठी. लिंकन गावातलं एलियाझर अर्नोल्ड हाउस, १६९३चं. आत जायची वेळ नव्हती, बाहेरूनच बघितलं. तीन बाजू लाकडाच्या आणि एक अख्खी बाजू दगडाची. ती संपूर्ण भिंत म्हणजेच धुराडं. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर शेतं दगडांनी भरलेली असून दगडी घरं का नाहीत, याचं उत्तर या भिंतीच्या दगडांमधल्या सांध्यांत आहे : चुना. तिकडे चुनखडी नव्हती, शिंपले भाजून मिळेल तेवढ्यावर भागवायचं. इथे जवळच चुनखडीची खाण, तिथल्या वस्तीचं नावच लाइमरॉक. चुना मिळाला तिथे दगड चढला.

पुढे तीन तास न्यू यॉर्क राज्यात. पानगळ भरात होती, आत्या झोपली.

दिवस चौथा : न्यू पॉल्ट्झ

१६७८ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या ह्यूगनॉट, म्हणजे प्रॉटेस्टंट, कुटुंबांनी वसवलेलं गाव, आणि आजूबाजूला सगळे डच. दगडी घरांची एक गल्लीच जपलीय. जाँ हॅसब्रुकच्या १७२१च्या घरात डच पद्धतीची चूल आहे. तिला बाजूच्या भिंती नाहीत. जमिनीवर भिंतीला लागून विस्तव, वर छताजवळ धूर ओढणारी झालर लावलेली छत्री. तिन्ही बाजूंनी बसून शेकता येतं. आत्याला ही चूल पहिल्यांदाच ओळखीची वाटली. "पण धूर?" बऱ्यापैकी घरातच, असं उत्तर मिळालं.

खाली तळघरं. काही घरांचा स्वयंपाक तिथे चाले आणि करणारे गुलाम तिथेच झोपत. न्यू यॉर्कमध्ये गुलामी १८२७ पर्यंत होती. गुलामीविरुद्ध लढलेली सोजर्नर ट्रूथ याच अल्स्टर काउंटीत, डच बोलणाऱ्या मालकाच्या घरी जन्मली. तिने पुढे सांगून लिहून घेतलेल्या आठवणींत लहानपणीचं तळघर आहे : सुट्या फळ्यांची जमीन, फळ्यांखाली चिखल आणि पाणी. वरच्या चुलीच्या उबेचं कौतुक करत बसलो होतो, ते खाली उतरल्यावर आटलं.

दिवस पाचवा : लँकेस्टर

डेलावेअर नदी ओलांडताना आत्याला सांगितलं की ओंडक्यांचं घर, ज्याला अमेरिका स्वतःची खूण मानते, ते इंग्रजांनी आणलेलं नाही. १६३८ पासून या नदीकाठी उतरलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी आणलं. आत्याला त्या वेळी चहा हवा होता.

लँकेस्टर काउंटीतलं हान्स हेर हाउस मला सगळ्यात आवडलं. दारावरच्या दगडात १७१९ कोरलंय. मेनोनाइट पंथाच्या जर्मन शेतकऱ्यांचं घर. जाड दगडी भिंती, चिमुकल्या खिडक्या, घराच्या निम्म्या उंचीचं छप्पर आणि त्यात धान्याचे माळे. धुराडं पुन्हा मधे, पण युक्ती वेगळी. स्वयंपाकघरातल्या चुलीच्या पाठभिंतीला एक भोक. त्या भोकापलीकडे, बसायच्या खोलीत, बिडाच्या पाच पत्र्यांची बंद पेटी. स्वयंपाक करणारीने चुलीतले निखारे त्या भोकातून पलीकडे ढकलायचे, पेटी तापते, आणि धूर उलट त्याच भोकातून चुलीच्या धुराड्यात परततो. म्हणजे बसायच्या खोलीत ऊब आहे, पण ना ज्वाळा, ना राख, ना धूर. इंग्रज बिचारा तोंड भाजत आणि पाठ गारठवत चुलीसमोर बसायचा, आणि हे लोक खोलीभर पसरून बसायचे. अशा पेट्यांचे पत्रे पेनसिल्व्हेनियाच्या भट्ट्यांत ओतले जात आणि त्यांवर बायबलमधले प्रसंग उठवलेले असत.

आत्याने पेटीच्या मागचं ते भोक वाकून वाकून बघितलं. "सासूबाईंना कळलं असतं तर माजघरात धूर झाला नसता," एवढंच म्हणाली.

वाटेत उतारात खोवलेली धान्याची कोठारं लागली. चढाच्या बाजूने गाडी थेट वरच्या मजल्यावर जाते, खालच्या बाजूने गुरं, त्यांचं तोंड दक्षिणेच्या उन्हाकडे. जमिनीचा उतार अडचण न मानता जिना मानायचा, हे आपल्या कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

दिवस सहावा : विल्यम्सबर्ग

रात्रीच्या मुक्कामाची कथा नको. हॉटेलात हीटर रात्री दोनला बंद पडला आणि आम्ही पाचला आवरून निघालो.

दुपारी व्हर्जिनियात अंगावरचा स्वेटर उतरला. विल्यम्सबर्गच्या रस्त्यावर दहा पावलं टाकली आणि आत्या थांबली. "अरे, धुराडी बाहेर आली." खरंच. तोवर घराच्या पोटात असलेलं धुराडं इथे दोन्ही टोकांच्या भिंतींना पाठ लावून बाहेर उभं, वरच्या भागात तर काही भिंतीपासून हातभर सुटलेली. इथे उन्हाळाच मोठा आणि दमट, त्यामुळे विस्तवाची झळ घराबाहेर जावी हीच इच्छा. धुराडं मधून निघाल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत समोरून मागच्या दारापर्यंत बोळ काढला. उन्हाळ्यात दोन्ही दारं उघडून माणसं त्या वाऱ्यात बसत.

आणि चूल? ती मागच्या अंगणात, वेगळ्या खोलीत. घर तापू नये, आग लागली तर राहतं घर वाचावं, वास येऊ नये, ही कारणं पाट्यांवर वाचायला मिळतात. पण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मालकाला नोकरमाणसं नजरेआड हवीशी झाली, हेही एक कारण आहेच. अमेरिकन क्रांतीच्या सुमारास या गावातली निम्म्याहून जास्त वस्ती काळ्या लोकांची होती. हवामानाने चूल दाराशी आणली असेल, अंगणापलीकडे नेली ती माणसांनी, असं माझं मत झालं. आत्या त्या चुलीपासून मागच्या दारापर्यंत पावलं मोजत गेली. पावसात आमटीचं भांडं घेऊन हे अंतर कसं जायचं, हा तिचा प्रश्न.

एका भिंतीच्या विटांमधल्या सांध्यात पांढरे तुकडे दिसले. नखाने टोकरलं तर कालवांच्या शिंपा. इथे दगड नाही, चुनखडी नाही, पण चिकणमाती भरपूर आणि खाडीत कालवं. म्हणून वीट.

दिवस सातवा : जेम्स नदी ओलांडून

सकाळी जेम्सटाउन. १६०७ची, इंग्रजांची इथली पहिली टिकलेली वस्ती, दलदलीच्या कडेला, खाऱ्या पाण्याजवळ. जुन्या सायप्रस झाडांच्या वलयांवरून कळलंय की १६०६ ते १६१२ ही वर्षं तिथल्या साडेसातशेहून अधिक वर्षांतली सगळ्यात कोरडी सात वर्षं होती. नशीबच. १६९८ मध्ये तिथलं सभागृह जळाल्यावर व्हर्जिनियाची राजधानी आतल्या उंच जागी हलली, तेच विल्यम्सबर्ग.

या भागात पहिल्या शतकातलं जवळपास काहीच उभं नाही. मेढी थेट जमिनीत पुरून घरं बांधत. वाळवी आणि ओल दहा-वीस वर्षांत ती खाऊन टाकी. पण तंबाखूने जमीनही चार पिकांत दमायची, माणसं तापाने लवकर मरायची. मग पक्कं घर कुणासाठी बांधायचं?

अपवाद नदीपलीकडे. गाडीसकट फुकट नेणारी बोट आहे. सरी काउंटीत १६६५चं बेकन्स कॅसल, आर्थर ॲलनने बांधलेलं विटांचं घर. दोन्ही टोकांना तिरकी वळवलेली तीन-तीन धुराडी. १६७६ मध्ये बेकन नावाच्या माणसाने केलेल्या बंडात त्याच्या माणसांनी ते बळकावलं म्हणून हे नाव. बेकन स्वतः तिथे कधी राहिलाच नाही. त्यानंतर सात तास नुसता रस्ता.

दिवस आठवा : चार्ल्सटन

इथल्या घरांनी रस्त्याकडे पाठ नाही, पण खांदा वळवलाय. 'सिंगल हाउस' एका खोलीएवढंच रुंद, अरुंद बाजू रस्त्याला, लांबी आत. रस्त्यावरच्या दाराने आत गेलं की घर लागत नाही, लांबलचक व्हरांडा लागतो. त्याला हे लोक पियाझा म्हणतात. तो दक्षिणेला किंवा पश्चिमेला, म्हणजे समुद्रावरचा वारा आधी त्याच्या सावलीत निवतो आणि मग खोल्यांत शिरतो. खोली एकच रुंद असल्याने समोरासमोरच्या खिडक्यांतून आरपार जातो. धुराडी पियाझाच्या उलट बाजूच्या लांब भिंतीत. त्या भिंतीला खिडक्याही कमी, कारण पलीकडे शेजाऱ्याचा पियाझा. त्याच्या पंखा घेत बसण्यावर आपली नजर नको. १७४०च्या मोठ्या आगीनंतर विटांची सक्ती आली.

हेवर्ड-वॉशिंग्टन हाउस १७७२चं, पण त्याच्या अंगणातलं स्वयंपाकघर त्याहून जुनं, १७४०च्या दशकातलं. आम्ही मोठं घर भरभर उरकलं. स्वयंपाकघरातली चूल डेडमच्या चुलीइतकीच मोठी. आकारात काही फरक नाही, जागेत आहे. आणि वरच्या मजल्यावर, बरोबर या चुलीच्या माथ्यावर, गुलामांच्या झोपायच्या खोल्या. बाहेरचा जुलै आणि खालचा विस्तव. मालकाच्या घरातून जी उष्णता मोठ्या हुशारीने बाहेर काढली होती ती इथे राहायला आली होती.

शहरातल्या जुन्या विटांवर बोटांचे ठसे सापडतात. ओल्या विटा उचलून वाळत घालणाऱ्या गुलामांचे, त्यात लहान मुलांचेही. एका भिंतीत तीन बोटं मिळाली. आत्याने आपली त्यात बसवून बघितली, बसली नाहीत.

दिवस नववा : सेंट ऑगस्टीन

फ्लोरिडा. इंग्रजांच्या आधीची, १५६५ची स्पॅनिश वस्ती. इथला दगड कोकीना, समोरच्या अनास्तासिया बेटावरचा, शिंपल्यांचा थर दाबून झालेला. खाणीत ओला असताना मऊ, वाळला की टणक. "जांभाच की," आत्या म्हणाली, आणि याच्याहून नेमकं वर्णन मला सुचत नाही. किल्ला याच दगडाचा, १६७२ मध्ये सुरू झालेला. तोफेचा गोळा लागला तर भिंत फुटत नाही, गोळा रुतून बसतो. १७०२ मध्ये इंग्रजांनी गाव जाळलं, किल्ला राहिला.

त्या जळिताच्या राखेवर उभं राहिलेलं गोन्झालेझ-अल्वारेझ घर. जाड कोकीनाच्या भिंती, शिंपल्यांच्या चुन्याची थंडगार जमीन. मी आपला सवयीने धुराडं शोधत होतो. मार्गदर्शक म्हणाला, स्पॅनिश काळात इथे धुराडं नव्हतंच. थंडी पडली तर निखाऱ्यांचं भांडं खोलीत आणून ठेवत.

"शेगडी," आत्या म्हणाली.

"मग ते काय?" मी बोट दाखवलं. भिंतीत व्यवस्थित चूल होती, वर धुराडं. १७६३ मध्ये फ्लोरिडा इंग्रजांकडे गेला, वीस वर्षं राहिला. त्या काळात वर लाकडी मजला चढला आणि धुराडंही आलं.

बाहेर बत्तीस अंश सेल्सियस होतं. आत्या चुलीपाशी गेली, डेडमला केलं तसं वाकून आत डोकं घातलं, वर बघितलं. बाहेर येऊन पदराने कपाळ पुसलं.

"पेटवत असतील रे?"

मार्गदर्शकाला विचारलं. जानेवारीत एखादी रात्र गार पडते, तो म्हणाला.

"मग ठीक आहे," आत्या म्हणाली, आणि आम्ही सावली बघून नारळपाणी शोधायला निघालो.